सबवूफर घेताना वॅटचा आकडा किती मनावर घ्यायचा?

अडाणी_श्रोता

मंडळी, घरी सिनेमे बघायला पाच स्पीकर आणि रिसीव्हर आहे, सबवूफर (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) तेवढा राहिलाय. आता घ्यायचं नक्की केलंय आणि दोन मॉडेलांपाशी गाडी अडलीय. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात वाहून जाईल. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच.

पहिल्याला 'अ' म्हणू. ८ इंची ड्रायव्हर (पेटीतला आवाज काढणारा भाग), बंद पेटी, आटोपशीर. खोक्यावर ठळक १००० वॅट, त्याखाली बारीक अक्षरात 'पीक'. वारंवारिता २० ते २०० हर्ट्झ.

दुसरा 'ब'. १२ इंची ड्रायव्हर, समोर पोर्ट (पेटीला हवेसाठी ठेवलेलं भोक), चांगलाच अवजड. २५० वॅट आरएमएस. वारंवारिता २४ ते १५० हर्ट्झ, अधिक-उणे ३ डेसिबल.

खोली ५ मीटर बाय ४ मीटर, उंची पावणेतीन. बहुतेक सिनेमे, अधूनमधून गाणी. कागदावर बघितलं तर 'अ' चौपट ताकदीचा, वर २० हर्ट्झपर्यंत जातो. मग 'ब' कोणी का घ्यावा? की यात काही गोम आहे?

चित्रपटखोर

दोन्ही उचलून बघा. जो उचलताना कण्हायला होतं तो घ्या. धागा संपला :)

मंद्रसप्तक

वाचतोय. मलाही लवकरच घ्यायचाय, फक्त गाण्यांसाठी.

खर्जवेडा

चित्रपटखोर यांचा सल्ला विनोदी असला तरी अगदी चुकीचा नाही. पण का, ते नीट बघू. जरा लांबेल.

आधी वॅट आणि आवाज यांचं नातं. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो 'थोडा वाढला बहुतेक' इतपतच कळतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे १००० विरुद्ध २५० हा फरक सोळा आणे खरा धरला तरी तो ६ डेसिबलचा. त्यात १००० हा पीक, म्हणजे क्षणभराच्या शिखराचा आकडा; 'ब'चा आरएमएस म्हणजे सरासरीचा. साइन लहरीचा पीक तिच्या सरासरी पॉवरच्या बरोब्बर दुप्पट असतो. म्हणजे कंपनी प्रामाणिक असेल तर खरे ५०० वॅट. उरला फरक ३ डेसिबल.

हे ३ डेसिबलही टिकतीलच असं नाही, कारण ड्रायव्हरची संवेदनशीलता अजून आपण धरलेलीच नाही. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात, तो हा आकडा. लहान पेटीतला ८ इंची ड्रायव्हर ८४-८५ देत असेल आणि मोठ्या पेटीतला १२ इंची ८९-९०, तर ते ५ डेसिबल भरून काढायलाच लहानग्याला तिप्पटीहून जास्त वॅट हवेत. म्हणजे तुमच्या 'अ'चे जादा वॅट लहान असण्याची भरपाई करण्यातच खर्च होतात.

केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक जे. अँटन हॉफमन. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मांडलेली अट आजही लागू आहे: खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणतेही दोनच मिळतात. 'अ'वाल्यांनी लहान पेटी आणि (दाव्यापुरता) खोल खर्ज घेतला, म्हणून त्यांना वॅट ओतावे लागले. 'ब'वाल्यांनी पेटी मोठी ठेवली, म्हणून २५० मध्ये भागलं.

आता मुख्य मुद्दा. सबवूफरचं काम हवा हलवायचं. किती हवा? कोनचं (ड्रायव्हरच्या मागेपुढे हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ गुणिले कोन एका बाजूला किती मिलिमीटर सरकतो तेवढी. १२ इंची कोनचं परिणामकारक क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेमी, ८ इंचीचं साधारण २१५. जमिनीवर, उघड्या मैदानात ठेवलेल्या बंद पेटीतून १ मीटरवर १०० डेसिबल हवे असतील तर:

४० हर्ट्झला साधारण पाव लिटर हवा सरकवावी लागते. १२ इंचीला कोन ५ मिमीच्या आत हलवून हे जमतं, ८ इंचीला ११ मिमी लागतात.

३० हर्ट्झला १२ इंचीला ८ मिमीच्या थोडं वर, ८ इंचीला १९ मिमीच्या वर.

२० हर्ट्झला १२ इंचीला जवळपास १९ मिमी, ८ इंचीला ४३ मिमीच्या वर.

४३ मिमी एका बाजूला, म्हणजे मागेपुढे मिळून साडेआठ सेमीच्या वर. असा ८ इंची ड्रायव्हर घरगुती डब्यात मिळत नाही. १००० वॅट द्या नाहीतर ५००० द्या, कोन जिथे थांबायचा तिथेच थांबणार. पुढचे वॅट कोन हलवणारी व्हॉइस कॉइल तापवणार, नाहीतर आतला लिमिटर ते कापून टाकणार.

वारंवारिता निम्मी केली की त्याच आवाजाला चौपट हवा लागते, हे वरच्या आकड्यांत दिसतंच. बंद पेटीत अनुनादाच्या खाली आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. तो ईक्यूने (खालच्या सुरांना जादा जोर देऊन) सपाट करायचा तर दर सप्तकाला १६ पट वॅट. ठळक १००० कुठून आले आणि का आले, त्याचं उत्तर यात आहे.

नवखी

बाप रे. म्हणजे '२० ते २०० हर्ट्झ' हे खोटं?

खर्जवेडा

खोटं म्हणता येत नाही, तीच तर सोय आहे. किती डेसिबल घसरल्यावर २० हर्ट्झ मोजले ते लिहिलेलंच नाही. 'अधिक-उणे ३ डेसिबल' असं बंधन घातलं तर आकड्याला अर्थ येतो. १० डेसिबल खाली धरून २० लिहिलं असेल तर ३ डेसिबलच्या मोजणीत तोच डबा ३० च्या पुढे अडकेल. बंधनच नसेल तर २० काय, १५ सुद्धा छापता येतं.

तुमच्या 'ब'ने २४ लिहिलंय आणि सोबत बंधन दिलंय. मला तर त्या एका ओळीनेच त्याच्याबद्दल विश्वास वाटला.

सोल्डरिंगवाला

खर्जवेडा यांनी 'कंपनी प्रामाणिक असेल तर' म्हटलंय, त्या 'तर'वर थोडं लिहितो. मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, अशा आकड्यांची पोटं रोज उघडून बघतो.

पॉवर सांगताना चार गोष्टी सोबत हव्यात: किती ओहमवर, कोणत्या वारंवारितेला, किती विकृतीपर्यंत आणि किती वेळ. यातली एकेक गोष्ट सैल सोडली की आकडा फुगतो. १ टक्का विकृतीऐवजी १० टक्क्यांवर मोजलं की तोच ॲम्प साधारण सव्वा ते दीडपट वॅट 'देतो'. १० टक्के म्हणजे लहरीचं डोकं सरळसरळ कापलेलं असतं. १ किलोहर्ट्झला मोजलं तर पॉवर सप्लायवर ताण कमी, आकडा देखणा. पण सबवूफर आयुष्यात कधी १ किलोहर्ट्झ वाजवणार आहे का?

पीएमपीओ (खोक्यावरची 'पीक म्युझिक पॉवर') तर सोडूनच द्या. त्याला कोणतंही सर्वमान्य मोजमाप नाही. कागदावर जे सुचेल ते. तळहाताएवढ्या स्पीकरांवर हजारो वॅट लिहिलेले असतात ते याच कृपेने. हा खेळ जुना आहे. अशाच फुगवलेल्या जाहिरातींमुळे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरची पॉवर कशी मोजून छापायची याचा नियम करावा लागला.

आता एक बाब, जी प्रामाणिक आकड्यालाही लागू आहे. '४ ओहमवर २५० वॅट' असं लिहिलं तरी ४ ओहमचा ड्रायव्हर सगळीकडे ४ ओहम नसतो. अनुनादाजवळ त्याचा अवरोध चढून २०-३० ओहमपर्यंत, कधी त्याहून वर जातो. व्होल्टेज तेवढंच आणि ओहम सहापट, म्हणजे खरे वॅट सहाव्या हिश्शाला. ॲम्पने प्रयोगशाळेतल्या रेझिस्टरवर २५० दिले म्हणजे तुमच्या खोलीत कोनला २५० मिळतात असं अजिबात नाही.

जे मिळतात त्यातलेही बहुतेक उष्णतेत जातात. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा ड्रायव्हर म्हणजे जेमतेम ०.४ टक्के कार्यक्षमता. १०० वॅट दिले तर आवाजाचे ०.४ वॅट, उरलेले ९९.६ कॉइल आणि चुंबक तापवायला. तांबं दर अंश सेल्सिअसला ०.३९ टक्क्याने जास्त रोध करतं. कॉइल १०० अंशांनी तापली की रोध जवळपास १.४ पट, आणि आवाज ३ डेसिबलपर्यंत बसतो. सिनेमाच्या शेवटच्या हाणामारीत सब मंदावल्यासारखा वाटतो तो भास नव्हे. म्हणून जाड कॉइल आणि मोठं चुंबक असलेला ड्रायव्हर लांबच्या पल्ल्यात पुढे जातो. चित्रपटखोर यांचा 'उचलून बघा' इथे कामाला येतो, फक्त वजन पेटीच्या लाकडाचं की चुंबकाचं ते कळायला हवं.

अडाणी_श्रोता

मागच्या पट्टीवर वीज किती खातो ते छापलेलं असतं ना? 'अ'च्या मागे १२० वॅट लिहिलंय. म्हणजे १००० वॅट पकडले गेले म्हणायचे का?

सोल्डरिंगवाला

एवढ्यावर पकडू नका. तो आकडा बहुधा सुरक्षा मानकाप्रमाणे असतो, आणि ऑडिओ ॲम्पसाठी तिथे पूर्ण पॉवरच्या एक अष्टमांशावर मोजायची पद्धत आहे. कारण खऱ्या संगीतात सरासरी पॉवर शिखरांपेक्षा बरीच कमी असते. क्लास डी ॲम्प ८०-९० टक्के कार्यक्षम असतो. ५०० चा अष्टमांश साडेबासष्ट, वर तोटे धरा. १२० म्हणजे ५०० वॅट आरएमएस अशक्य नाहीत. पट्टीवर ३० वॅट असते तर मात्र मी हसलो असतो.

फ्यूजचाही असाच अंदाज घेता येतो. २३० व्होल्टवर २ अँपिअरचा फ्यूज म्हणजे सलग ४६० वॅटच्या आसपास ओढता येतील. क्षणभर त्याहून जास्तही, कारण फ्यूज लगेच उडत नाही आणि कपॅसिटरमध्ये थोडा साठा असतो. एकूण, पट्टी आणि फ्यूज मोठी थाप पकडायला ठीक, दोन बऱ्या सबमधून निवडायला निरुपयोगी.

मंद्रसप्तक

सगळे 'ब'च्या मागे लागलेत म्हणून उलट बाजू मांडतो. मी ऐकलेले बहुतेक पोर्टवाले सब एकसुरी घुमतात. बेस गिटारचा कोणताही सूर लागला तरी एकच 'ढूम'. बंद पेटीत सूर सुटा ऐकू येतो, थांबायचा तिथे थांबतो. आणि गाण्यांना २० हर्ट्झ हवेत कुणाला? चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झ, पाच तारांच्या गिटारची ३१, पियानोची शेवटची पट्टी २७.५. माझ्यासारख्याला ३५ पर्यंत स्वच्छ मिळालं की पुष्कळ. मी तर 'अ' घेईन.

खर्जवेडा

मंद्रसप्तक, गाण्यांबद्दलचं तुमचं म्हणणं बरचसं पटतं, पण घुमण्याचं खापर पोर्टवर फोडू नका. ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या सुराला बेतलेला असतो त्याच्या) आसपास पोर्टमुळे फुकटात काही डेसिबल मिळतात, त्याच्या खाली मात्र आवाज सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो आणि कोन मोकाट सुटतो. म्हणून तिथे फिल्टर लागतो. स्वस्त सबमध्ये ट्यूनिंग मुद्दाम ४५-५० हर्ट्झला ठेवतात, कारण दुकानात तिथलाच दणका विकतो. तुम्ही ऐकलेला 'ढूम' हा असावा. 'ब' २४ पर्यंत ३ डेसिबलच्या आत आहे, म्हणजे ट्यूनिंग विशीच्या आसपास कुठेतरी. गिटारच्या सुरांपाशी पोर्ट फारसा बोलतच नाही.

उरलेलं घुमणं खोलीचं. ५ मीटर लांबीत पहिला मोड ३४ हर्ट्झला, ४ मीटरच्या रुंदीत ४३ ला. हे सूर खोली स्वतः ताणून धरते, पेटी बंद असो की पोर्टची.

बंद पेटीची एक जमेची बाजू तुम्ही सांगितली नाहीत. पहिल्या मोडच्या खाली लहान, बंदिस्त खोली आवाजाला वर उचलते, आणि बंद पेटीची हळूहळू होणारी घसरण तिच्याशी छान जुळते. लहान, दारं लावलेल्या खोलीत चांगला बंद सब कागदावरच्यापेक्षा खोल वाजतो.

मंद्रसप्तक

हे चाललं. पण कमी आवाजात ऐकणाऱ्याला ८ इंची पुरतो, एवढं तरी मान्य करा.

खर्जवेडा

मान्य, ४० च्या वर.

त्याच्या खाली कानच आडवा येतो. २० हर्ट्झचा सूर नुसता ऐकू यायलाच ७८ डेसिबल लागतात, ३१.५ हर्ट्झला ६० च्या आसपास, ४० ला ५१. म्हणजे खालच्या टोकाला 'हळू ऐकतो' याला फारसा अर्थ उरत नाही. एकतर तेवढी हवा हलते, नाहीतर काहीच ऐकू येत नाही.

नवखी

मी दुकानात एक सब ऐकला. विक्रेत्याने गेनचं बटण पाव फिरवलं आणि काचा थरथरल्या. म्हणाला, बघा, पावावर एवढा, पूर्ण फिरवला तर काय होईल! हे ताकदीचं लक्षण धरायचं ना?

सोल्डरिंगवाला

नाही. गेनचं बटण म्हणजे येणाऱ्या सिग्नलला किती मोठं करायचं एवढंच. इनपुट संवेदनशील ठेवला की पावावरच ॲम्प पूर्ण पॉवरला पोचतो, पुढचा पाऊण फेरा नुसती विकृती. तेच बटण आळशी ठेवलं तर सब 'कमजोर' वाटेल. आत ॲम्प तोच.

खर्जवेडा

दुकानातल्या काचा ५०-६० हर्ट्झला थरथरतात, आणि तेवढं कोणताही डबा करतो. ऐकायलाच जाणार असाल तर फोनमध्ये २० ते ८० हर्ट्झचा सावकाश चढणारा स्वीप घेऊन जा. सुरुवातीला आवाज मध्यम ठेवा. चांगल्या सबमध्ये तो शांततेतून वर येतो, आधी पोटात जाणवतो, मग कानात. वाईट सबमध्ये २५ लाच खणखणीत 'ब्रूम' ऐकू येतं आणि माणूस खूश होतो. ते २५ नसतं. कोनची पळापळ संपलेली असते आणि तो ५० आणि ७५ हर्ट्झ काढत असतो. समजा २५ चा सूर ९० डेसिबलला आहे आणि त्यात तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारितेची भेसळ) १० टक्के, म्हणजे ७५ हर्ट्झला ७० डेसिबल. २५ ची ऐकण्याची मर्यादा ६९ च्या जवळ, ७५ ची तिशीत. म्हणजे मूळ सूर मर्यादेच्या २१ डेसिबल वर आणि भेसळ जवळपास ३८ वर. कान भेसळच आधी उचलतो. उलट पोर्टमधून फुसफुस, कोनमधून टकटक आली तर त्या आवाजाला तिथे शेवट आला असं समजा.

शांतताप्रिय

तुमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांच्या वतीने विचारतो. या सगळ्यात आमचा विचार कुठे आहे? खालच्या वारंवारिता भिंतीला जुमानत नाहीत. सबखाली रबराचे पाय लावून 'आता त्रास होणार नाही' म्हणणारे मला रोज भेटतात.

खर्जवेडा

रबराने जमिनीतून जाणारी कंपनं थोडी कमी होतात, हवेतून जाणारी नाही. रात्री रिसीव्हरचा नाईट मोड लावायचा, नाहीतर सब ६ ते १० डेसिबल खाली घ्यायचा. दुसरा उपाय म्हणजे सब सोफ्याच्या अगदी मागे, कानापासून मीटरभरावर ठेवणं. जवळ असल्यामुळे तोच आवाज कमी पातळीवर मिळतो, शेजाऱ्याकडे कमी जातो. याला मोठा सबच लागतो असंही नाही.

शांतताप्रिय

हे शेवटचं कुणीतरी करावं अशी फार इच्छा आहे.

अडाणी_श्रोता

शोधाशोध केली. 'ब'ची एका परीक्षकाने घेतलेली मापं मिळाली, सीटीए-२०१० पद्धतीची, २ मीटरवर आरएमएस. २० हर्ट्झला ९२, २५ ला १००, ३१.५ ला १०५, ४० ला १०७. 'अ'बद्दल फक्त कंपनीचं 'कमाल ११२ डेसिबल'. हे तर 'अ'च्याच बाजूने गेलं की!

खर्जवेडा

शाब्बास, नेमकी गोष्ट शोधलीत. वॅटऐवजी सबवूफरची तुलना या मापाने करावी, आणि मी पैसेही यावरच ठरवतो. या पद्धतीत साडेसहा आवर्तनांचा छोटा झटका देतात, आवाज वाढवत नेतात आणि हार्मोनिकची विकृती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की थांबतात. तिथला आकडा नोंदवायचा. ॲम्प, ड्रायव्हर, पेटी, लिमिटर सगळ्यांचा एकत्र निकाल त्यात येतो. वॅट किती, इंच किती, मग विचारायची गरजच उरत नाही.

फक्त एक सापळा आहे. कुणी १ मीटरवर पीक छापतं, कुणी २ मीटरवर आरएमएस. अंतरामुळे ६ डेसिबल आणि पीकमुळे ३, असा ९ डेसिबलचा फरक तिथेच पडतो. 'ब'चे ४० हर्ट्झचे १०७ म्हणजे १ मीटर पीकमध्ये ११६. 'अ'चे ११२ कोणत्या हर्ट्झला, किती अंतरावर, किती विकृतीला, काहीच माहीत नाही. माझा अंदाज, ६०-८० हर्ट्झच्या आसपास, १ मीटर पीक. म्हणजे 'अ' त्याच्या सगळ्यात सोप्या जागी जे करतो, त्यापेक्षा 'ब' ४० ला जास्त करतो.

सिनेमासाठी किती लागतं त्याचाही अंदाज घ्या. पूर्ण रेफरन्स (थिएटरसाठी ठरलेल्या) पातळीला एलएफई, म्हणजे फक्त खर्जाच्या चॅनलची शिखरं ११५ डेसिबलची असतात, बाकी चॅनलची १०५. घरी तेवढ्यावर कोणी ऐकत नाही, १० ते १५ डेसिबल खालीच. म्हणजे ऐकण्याच्या जागी १०० ते १०५. कोपरा आणि खोली मिळून तुम्हाला मैदानातल्या मापापेक्षा बरंच जास्त देतील. २५ च्या वर 'ब' निभावून नेईल. २० चे ९२ तोकडे आहेत, पण त्या खाली जाणारे सिनेमे बोटावर मोजण्याइतके, आणि त्यासाठी दुप्पट पेटी लागेल.

चित्रपटखोर

ते बोटावर मोजण्याइतके सिनेमेच मी बघतो.

नवखी

एक मोठा घेण्याऐवजी दोन लहान घेतले तर?

खर्जवेडा

चांगला प्रश्न. दोन सारखे सब शेजारी ठेवले तर ६ डेसिबल वाढतात, कारण हवा दुप्पट आणि ॲम्पही दुप्पट. पण खरा फायदा वेगळा. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये याच प्रश्नावर काम प्रसिद्ध केलं. आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले की वेगवेगळ्या खुर्च्यांवरचा खर्ज बराच सारखा होतो, हे त्यातून दिसलं. त्यामुळे घरात पाच-सहा जण बसून बघत असतील तर दोन घ्या. एकच खुर्ची महत्त्वाची असेल तर आधी एक मोठा, पुढे जमलं तर तसाच दुसरा. दोन ८ इंची मिळून हवा एका १२ इंचीपेक्षा कमीच हलवतात, हे क्षेत्रफळावरून बघा.

सोल्डरिंगवाला

पैसे वसूल होण्याबद्दल माझ्या बाकावरून दोन शब्द. माझ्याकडे येणाऱ्या सबमध्ये ड्रायव्हर क्वचित गेलेला असतो, ॲम्पच जास्त. पेटीच्या आत, वर्षानुवर्षं स्टँडबायवर, ऊब खात बसलेले कपॅसिटर. म्हणून ॲम्प आणि ड्रायव्हर यांची वॉरंटी वेगवेगळी विचारा, आणि ॲम्पची प्लेट सुटी मिळते का तेही. न मिळाल्यास तो सब म्हणजे लाकडी स्टूल.

जुना घेत असाल तर कोनच्या कडेची गोल पट्टी बोटाने चाचपा. फोमची असेल तर कालांतराने भुगा होते, रबराची टिकते. सब बंद ठेवून दोन्ही हातांची बोटं पसरून कोन हलकेच सरळ आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय, पैसे खिशात ठेवा. मग नुसती वीज जोडून, सिग्नलची तार न लावता, कान जवळ न्या. तेव्हाच हुंकार येत असेल तर दोष आतला. तार लावल्यावरच येत असेल तर बहुधा ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधला फेरा), त्याला उपाय आहे.

अडाणी_श्रोता

'ब' ठरला. शेवटचे दोन प्रश्न. सोफा ५ मीटरच्या बरोब्बर मध्यावर आहे, चालेल का? आणि सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण कुठे ठेवू?

खर्जवेडा

सोफा हलवा. लांबीच्या मध्यावर ३४ हर्ट्झचा मोड शून्य होतो. तिथे बसून तुम्ही म्हणाल की सब वाजतच नाही, आणि आवाज वाढवत बसाल. वॅट दुप्पट करून तो खड्डा भरत नाही. अर्धा-पाऊण मीटर मागे सरकवून बघा, फुकटातलं काम.

सबची जागा शोधायला तो तात्पुरता सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, स्वीप लावा आणि भिंतीच्या कडेने जमिनीलगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सब ठेवायचा. नंतर हौस वाटली तर मोजणीचा यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, आलेखात खड्डे दिसतील.

रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचं सगळं सबकडे. सबवरचं बटण पूर्ण वर, किंवा एलएफईवर, नाहीतर दोनदा गाळलं जाईल. फेज ० आणि १८० दोन्ही करून बघा, ८० च्या आसपास जिथे आवाज भरीव वाटेल ते ठेवा.

अडाणी_श्रोता

सोफा हलवायला घरच्यांची परवानगी मिळाली, पाऊण मीटरची. सबसाठी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये ५४ सेमी खोल कोपरा आहे, डबा ४८ सेमी खोल. बसेल ना?

सोल्डरिंगवाला

बसेल, पण तारेची पिन मागे ४-५ सेमी खाते, ते मोजून घ्या. आरसीएची काटकोनी पिन घेतलीत तर अर्धं वाचेल. ॲम्पची प्लेट मागे आहे, तिला हवा हवी, डबा भिंतीला चिकटवू नका. पोर्ट समोर आहे म्हणून त्याची काळजी नाही. आणि आणायला एकटे जाऊ नका.